पोरांच्या मानेवरचे जू



यंदाची लावणी एव्हाना आटोपली असेल. खाचरात पाणी बेताचे ठेवा, बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोके वेळीच बुजवा, एवढे सांगून आज भाताचा विषय बाजूला ठेवतो. आज बोलायचे आहे ते तुमच्या घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींच्या मानेविषयी आणि पाठीविषयी.

शेतकी खात्याच्या माणसाने मानेविषयी काय सांगावे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण पेण आणि रोहा तालुक्यांतल्या ओट्यांवर बसून चहा पिण्यात माझी बरीच वर्षे गेली. पीक बघायला जावे आणि घरातले दुखणे कानावर यावे, असे पुष्कळदा होते. गेल्या काही वर्षांत एक तक्रार घरोघर ऐकू येते. "साहेब, पोराची मान धरते. पोरीच्या पाठीत दोन खवाट्यांच्या मधे कळ येते. अभ्यासाला बसवत नाही म्हणते." आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य हमखास येते, "सगळी मोबाइलची नाटके!"

या दुसऱ्या वाक्याविषयीच मला आज बोलायचे आहे.

एका घरातली गोष्ट

जुलै २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा पंचनाम्यांच्या कामासाठी मी रोहा तालुक्यात फिरत होतो. कुंडलिकेच्या अलीकडच्या एका गावात एका घरी टेकलो. माजघरात भाताच्या कणग्यांना टेकून घरातली मुलगी बसली होती. वय एकोणीस-वीस, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइल मांडीवर, हनुवटी छातीला लागलेली, एक हात मानेवर. लेक्चर चालू होते.

वडील म्हणाले, "बघा साहेब, ही रोजची मान धरून बसते. आम्ही दिवसभर चिखलात कंबर मोडून लावणी करतो, आमची मान नाय दुखत. हिची बसून बसून दुखते. सोसत नसेल तर कॉलेज बंद करू. एक स्थळही सांगून आलंय."

आई दाराआडून हळूच म्हणाली, "भाऊ, रात्री झोपत नाही ती. हाताला मुंग्या येतात म्हणते."

मुलगी काही बोलली नाही. तिने मोबाइलवरची नजर काढली नाही, पण तिचे लक्ष लेक्चरात नव्हते हे दिसत होते.

मंडळी, त्या बापाला मी नावे ठेवणार नाही. कारण त्याच्या आधी वर्षभर मी माझ्या घरात तेच केले होते. २०२० च्या टाळेबंदीत माझा मुलगा पेणला घरी बसून शिकत होता. मान दुखते म्हणाला, तेव्हा मी ऐटीत सांगितले, "मोबाइल खाली ठेव, मान आपोआप राहील." तो म्हणाला, "बाबा, खाली ठेवतो. पण प्राध्यापक त्यातच आहेत." यावर मला उत्तर नव्हते. मी मलमाची नळी आणून दिली आणि बापाचे कर्तव्य संपले असे समजलो.

म्हणून रोह्याच्या त्या घरात मी कागदपत्रे बाजूला ठेवली आणि मुलीला विचारले, "बाळ, दिवसभरात किती वेळ अशी बसतेस?" तिने बोटांवर मोजले. सकाळी चार लेक्चरे. मग प्राध्यापकांनी पाठवलेल्या टिपणांचे फोटो बघून वहीत उतरवणे. संध्याकाळी स्वयंपाकाला हातभार. घरात मोबाइल एकच, धाकटा भाऊ दहावीला, त्यामुळे रात्री दहानंतर तिची पुन्हा पाळी. तेव्हा ती मच्छरदाणीत पालथी झोपून, कोपरांवर भार देऊन वाचायची. सगळे मिळून आठ-नऊ तास झाले.

मी वडिलांना एवढेच म्हणालो, "दादा, तुमच्या बैलाचा खांदा आला तर तुम्ही काय करता?"

ते म्हणाले, "जू बघतो. कुठे घासते ते बघतो."

"बैलाला आळशी म्हणत नाही?"

ते गप्प झाले. मग उठून त्यांनी मुलीसमोरचा पाट उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि पडवीत जाऊन काहीतरी शोधू लागले.

हे दुखणे आले कुठून

थोडे मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे गेली, आंबा-सुपारी आडवी झाली, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्याच ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घरबसल्या, मोबाइल आणि संगणकावर झाल्या. कॉलेजे पुन्हा उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ आपल्या मुलांचे विद्यापीठ हे चार-सहा इंचांच्या काचेत होते. सिंधुदुर्गातल्या एका पशुवैद्यकीय विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला, ती बातमी तुम्ही वाचली असेल. आपल्याकडेही मुले टेकाडावर, झाडाखाली, एसटीच्या थांब्यावर बसून शिकलीच.

तो काळ सरला, पण सवय आणि गरज दोन्ही राहिल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम करून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा आहे. स्पर्धा परीक्षांचे वर्ग मोबाइलवर चालतात. नोकरी करून दूरस्थ पदवी घेणारी मुले रात्री मोबाइलवरच शिकतात. ज्यांना पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणे परवडत नाही, त्या आपल्या मुलांना हा मोठाच आधार आहे. तेव्हा 'मोबाइल बंद कर' हे उत्तर शहाणपणाचे नाही. जू काढून टाकले तर नांगरच थांबेल. जू नीट बसवायचे आहे.

वाकून काम आम्हीही करतो, मग?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो प्रश्न तुमच्याही मनात असेल. आम्ही वाकून लावणी करतो, आमचे काय?

पहिली गोष्ट अशी की तुमचेही दुखते. फक्त तुम्ही बोलत नाही. लावणीच्या दिवसांत रात्री कंबरेला तेल चोळले नाही असे घर मला दाखवा. आपण आजार अंगावर काढतो आणि त्याला ताकद समजतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लावणीत माणूस वाकतो, पण हलत असतो. पाय मागे सरकतात, हात चालतात, मूठ संपली की पुढची मूठ घ्यायला कंबर सरळ होते. ओळ संपली की उभे राहून आपण चार शब्द बोलतो. मोबाइलपुढे बसलेले पोर हलतच नाही. तास-तास फक्त अंगठा हलतो. स्नायू आवळून धरून ठेवला की त्यात रक्त नीट खेळत नाही, तो थकतो, कडक होतो आणि दुखू लागतो. भरलेली कळशी कमरेवर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत चालता येते. तीच कळशी हात लांब करून एका जागी धरून उभे राहा, दोन मिनिटांत हात थरथरतील. वजन तेच, पण धरण्याची रीत निराळी.

मानेचे तसेच आहे. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलोचे असते. ते मानेच्या सात मणक्यांवर तोलून बसवलेले आहे. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा नेतात तेव्हा मान सरळ असते, भार हाडांच्या खांबावरून खाली उतरतो. पण डोके पुढे झुकले की तोल जातो, आणि ते पडू नये म्हणून मागून स्नायूंना दोरासारखे ताणून धरावे लागते. केनेथ हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या मणक्याच्या शल्यविशारदांनी २०१४ साली याचे गणित मांडले. डोके पंधरा अंश झुकले तर मानेवर सुमारे १२ किलोंचा भार येतो, तीस अंशांना १८, पंचेचाळीस अंशांना २२ आणि साठ अंशांना २७ किलो. युरियाची गोणी हल्ली ४५ किलोंची येते, म्हणजे अर्ध्या गोणीहून जास्त.

हे आकडे गणिताचे आहेत, कोणाच्या मानेत काटा लावून तोललेले नाहीत. आणि वाकणे हे एकच कारण आहे असेही समजू नका. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या तरुणांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नुसत्या मोबाइलवर वाकण्याचा आणि मानदुखीचा थेट संबंध आढळला नाही. मग दुखते कशाने? एका जागी बसून राहणे, अपुरी झोप, परीक्षेची आणि पैशाची काळजी, खेळ-व्यायाम सुटणे, हे सगळे मिळून दुखते. पीक पिवळे पडले तर आपण पाणी, नत्र आणि मूळ तिन्ही बघतो, तसेच हे आहे. वाकलेल्या मानेने मणके कायमचे मोडतात अशी भीतीही मुलाला घालू नका. भीतीने माणूस हालचाल कमी करतो आणि दुखणे वाढते.

घरात अभ्यासाची जागा करा

आपल्या घरात बियाण्याला कोरडी जागा असते, गुरांना गोठा असतो, देवाला देव्हारा असतो. अभ्यासाला मात्र जागा नसते. पोर जिथे सापडेल तिथे बसते. पहिला खर्च औषधाचा करू नका, जागेचा करा. आणि त्याला खर्च फारसा येत नाही.

पेणजवळ हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींची कामे या दिवसांत जोरात असतात. तिथे डोळ्यांची आखणी करणारा जाणता कारागीर बघा. तो मूर्तीपुढे वाकत नाही. लहान मूर्ती पाटावर, डब्यावर उंच ठेवतो आणि आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणतो. त्याला ठाऊक असते की हात स्थिर हवा तर मान सुखात हवी. हाच धडा अभ्यासाला लावायचा. मान मोबाइलकडे न्यायची नाही, मोबाइल मानेकडे आणायचा.

मोबाइल हातात किंवा मांडीवर धरू नये. चौरंग, त्यावर पत्र्याचा डबा किंवा पालथी पायली, त्याला टेकवून मोबाइल उभा ठेवावा. वरची कड डोळ्यांच्या जवळपास उंचीवर आणि काच हातभर अंतरावर यावी. अक्षर लहान वाटले तर मोठे करून घ्यावे. तरीही मूल पुढे झुकून बघत असेल तर डोळे तपासून घ्या. चष्मा लागलेला असतो आणि आपण मानेला तेल लावत बसतो, असे होते.

खाली बसून लिहिणे वाईट नाही, पण वही जमिनीवर नको. पूर्वी पेढीवरच्या दिवाणजींपुढे उतरत्या झाकणाचे लाकडी मेज असे, आठवते का? वही त्यावर तिरपी राही आणि मान कमी वाके. जुन्या दाराची फळी, मागच्या बाजूला दोन विटा, पुढे एक पट्टी, झाले मेज. पाठीला भिंत असावी आणि कमरेमागे गुंडाळलेली गोधडी. मांडी घालून पाय दुखत असतील तर बुडाखाली पाट किंवा घडी केलेले पोते घेऊन थोडे उंच बसावे.

खुर्ची-टेबल असेल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली वीट द्या. लॅपटॉप असेल तर तो पुस्तकांवर उंच करून वेगळा कळफलक जोडावा. वेगळा कळफलक घेणे जमत नसेल तर बघण्याच्या वेळी लॅपटॉप उंच ठेवावा आणि लिहिण्याच्या वेळी खाली घ्यावा.

पालथे झोपून वाचणे मात्र बंद. त्यात मान मागे मुरडलेली राहते, आणि त्या मुलीचे दुखणे मुख्यतः तिथेच वाढले होते. झोपताना उशी एकच असावी, मान पाठीच्या रेषेत राहील एवढीच जाड.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अर्ध्या तासाला एकदा उठणे. उठून करायचे काय? शेतकऱ्याच्या घरात याला कमी नाही. कोंबड्यांना दाणे टाका, गुरांना पाणी दाखवा, ओट्यावरून दोन फेऱ्या मारा. घरची कामे अभ्यासानंतर एकगठ्ठा लादण्यापेक्षा अशी मधे मधे पेरली तर कामही होते आणि मानही सुटते. जे लेक्चर नुसते ऐकण्याचे असेल ते अंगणात चालत ऐकावे. मूर्तिकामाच्या घरांतल्या मुलांना तर हे विशेष सांगणे आहे. सकाळी रंगकाम आणि दुपारी लेक्चर म्हणजे एकाच मानेला दोन पाळ्या झाल्या. मधे तासभर तरी हिंडण्या-फिरण्याचे काम घ्या.

माता-भगिनींना एक विनंती. घरात भाऊ-बहीण दोघे शिकत असतील तर मोबाइलची पाळी आणि मेजाची पाळी दोघांना सारखी द्या. मुलीच्या वाट्याला रात्री दहानंतरचा मोबाइल, मच्छरदाणीतला अंधार आणि पहाटेची चूल येत असेल, तर तिची मान दुखणारच. त्यात तिचा दोष नाही.

पाच मिनिटांचा व्यायाम

हे व्यायाम दिवसातून दोन-तीनदा, सावकाश करायचे. ओढल्यासारखे वाटले तर चालेल, कळ आली तर थांबायचे.

एक, भिंतीला पाठ लावून उभे राहा. नजर समोर. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्या, गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसेल अशी. पाच अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा.

दोन, हात खाली सोडा. दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे आणा, जणू त्यांच्यामधे दोरी पकडायची आहे. खांदे कानाकडे वर जाऊ देऊ नका. पाच अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा.

तीन, दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी कोपरापासूनचे हात टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका. छाती ताणली जाईल. वीस-तीस अंक मोजा. तीन वेळा.

चार, उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवा, वीस अंक थांबा, मग डावीकडे. हिसका द्यायचा नाही.

आठवडा-दोन आठवड्यांत दुखणे हलके झाले की ताकदीचा व्यायाम जोडा. डेन्मार्कमधल्या कचेऱ्यांत बसून काम करणाऱ्या लोकांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रोज अवघी दोन मिनिटे रबरी नळीचा व्यायाम दहा आठवडे केलेल्यांची मान-खांद्यांची दुखणी कमी झाली. आपल्याकडे सायकलची जुनी ट्यूब असतेच. ती कापून लांब करा, मधोमध दोन्ही पायांनी दाबून उभे राहा, टोके दोन हातांत धरा आणि हात दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश वर न्या, सावकाश खाली आणा. ट्यूब फार कडक वाटली तर लांब घ्या. विटलेली, भेगा पडलेली ट्यूब घेऊ नका, तुटून तोंडावर बसेल.

गरम पाण्याच्या पिशवीने किंवा फडक्याने दहा-पंधरा मिनिटे शेक दिला तर बरे वाटते. पण शेक आणि मलम हे रात्रीपुरते. कारण तसेच ठेवून मलम चोळणे म्हणजे फुटक्या बांधात पाणी सोडत राहणे.

काय करू नये, आणि डॉक्टरांकडे कधी जावे

केस कापून झाल्यावर मान कटकन मोडून देण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. कोणाकडूनही मान मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरा जातात. झटक्याने शिरेच्या आत चीर पडली तर अर्धांगवायू होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा आयुष्य बदलते. पाठीवर पाय देऊन चेपणेही नको.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिवसेंदिवस घेऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या बाधतात. मानेचा पट्टा मनाने बांधू नका. तो सतत वापरला तर मानेचे स्नायू आणखी कमजोर होतात. नुसत्या मानदुखीला तरुण वयात बहुधा फोटो काढण्याचीही गरज नसते, ती आहे की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतील.

पण पुढील खुणा दिसल्या तर थांबू नका. हातातली ताकद कमी होणे, वस्तू हातून पडणे, मुंग्या किंवा बधिरपणा न जाणे. चालताना तोल जाणे, पाय अडखळणे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. मान कडक आणि सोबत ताप, डोकेदुखी, उलटी. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेली मानदुखी. रात्री झोपेतून उठवणारे, दिवसेंदिवस वाढणारे दुखणे आणि वजन घटणे. यांपैकी काहीही असेल तर थेट डॉक्टर गाठा. तोल जाणे, ताबा सुटणे, ताप आणि पडल्याची दुखापत यांत तर त्याच दिवशी. आपल्याकडे पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. अशी खूण नसेल, पण घरच्या उपायांनी चार-सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तरीही दाखवून घ्या.

त्या मुलीचे पुढे काय झाले

मुंग्या येत होत्या म्हणून मी त्या मुलीला दवाखान्यात नेण्याचा आग्रह धरला. वडील दुसऱ्याच आठवड्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हाताची ताकद तपासली, घाबरण्यासारखे काही नाही म्हणाले आणि बसण्याची रीत व व्यायाम शिकवला. वडील पडवीत शोधत होते ती फळी होती. जुन्या कणगीच्या झाकणाची. तिचे त्यांनी स्वतः मेज केले. भावाशी पाळ्या वाटून घेतल्या, तिला संध्याकाळचे दोन तास मिळाले.

जादू झाली नाही. मुंग्या महिनाभरात थांबल्या, पाठीची कळ कमी होत गेली, परीक्षेच्या दिवसांत पुन्हा डोके वर काढायची. पण स्थळाला तिने आणि वडिलांनी मिळून 'शिक्षण झाल्यावर बघू' असे कळवले. २०२३ साली ती पदवीधर झाली. आज रोह्यात हिशेबाचे काम करते आणि रात्री पुढचा अभ्यास, अर्थात ऑनलाइनच. मागे भेट झाली तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, ते मेज आता धाकटा वापरतो. तिला नवीन करून दिलंय."

तो दिवस मला अजून आठवतो. एका मानदुखीवरून त्या घरात एका मुलीचे शिक्षण संपणार होते. ती खोटे बोलत नव्हती, तिला अभ्यास सोसत नव्हता असेही नव्हते. तिची बसण्याची जागा चुकली होती, एवढेच. अशा किती मुली आणि मुले "नाटके करू नकोस" हे ऐकून गप्प बसली असतील, याचा विचार मनात येतो.

घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात. वर्षभर ज्या खांद्यांनी ओझे ओढले त्यांची ती आठवण असते. आपल्याकडे कोकणात ती रीत एवढी मोठी नाही, पण भावना आपल्यालाही कळते. यंदा श्रावण अमावास्येला तुमच्या घरातल्या शिकणाऱ्या पोरांच्या मागे पाच मिनिटे उभे राहा. कुठे बसतात, कशी बसतात, मान कुठे जाते ते नुसते बघा. मग विचारा, "बाळा, दुखते का कुठे?" आणि उत्तर ऐकून घ्या. फळी आणि विटा घरात असतीलच.

पुढच्या वेळी भातावरील सुरळीतील अळीविषयी बोलू. तोवर खाचरात एक फेरी मारून पानांच्या गुंडाळ्या झाल्या आहेत का ते बघून ठेवा.